आजोबांच्या .३१५ रायफलीचं लाकूड: तासू नका, धुवा आणि तेल मुरवा

नेरुळच्या एका वाचकाने विचारलं आहे. आजोबांची इशापूरची .३१५ बोअरची रायफल आता वडिलांच्या परवान्यावर ठाण्यातल्या जुन्या घरात आहे. लाकूड काळं पडलंय, हाताला चिकट लागतं, दस्त्याच्या मानेजवळ केसासारखी बारीक चीर दिसते. दस्त्याच्या डाव्या बाजूला आजोबांनी चाकूने कोरलेली त्यांची दोन आद्याक्षरं आहेत. सोसायटीत फर्निचरचं काम करणाऱ्या पॉलिशवाल्याने सांगितलं, मशीन मारून पांढरं लाकूड काढतो आणि वर पीयूचे (पॉलियुरेथेन या प्लॅस्टिकसारख्या पॉलिशचे) तीन हात देतो, आरशासारखं होईल. दसऱ्याच्या पूजेपर्यंत करून घ्यावं का, असा प्रश्न आहे.

मी चाळीस वर्षं ठाण्यात लाकडाच्या पॉलिशचं काम करतोय. त्यातली बरीच वर्षं शस्त्रविक्रेत्यांकडच्या बंदुकांच्या लाकडाचंही करतोय. आधी थोडक्यात सांगतो. मशीन लावू देऊ नका, पीयू नको, आणि या दसऱ्यापर्यंत होणार नाही. आता प्रत्येकाचं कारण देतो.

पण त्याआधी परवान्याचं बोलू, कारण चांगल्या घरची माणसं इथेच चुकतात. रायफल तुमच्या वडिलांच्या नावावर आहे, तुमच्या नाही. ती वडिलांच्या लेखी अधिकाराशिवाय गाडीत टाकून तुम्ही एकट्याने पॉलिशवाल्याकडे नेलीत, तर तुमच्याकडे विनापरवाना शस्त्र सापडलं असाच त्याचा अर्थ होतो. पॉलिशवाल्याने ती रात्रभर गाळ्यात ठेवली, तर तोही अडकतो. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या पाचव्या कलमात शस्त्रांच्या दुरुस्तीलाही परवाना लागतो, आणि ‘शस्त्र’ या शब्दाच्या व्याख्येत शस्त्राचे भागही येतात. म्हणून ‘नुसतं लाकूडच तर दिलंय’ हा युक्तिवाद मी कोणाला करू देत नाही. बरोबर पद्धत अशी, की वडिलांनी स्वतः, परवान्यासह, रायफल दुरुस्तीचा परवाना असलेल्या शस्त्रविक्रेत्याकडे न्यायची, पावती घ्यायची, आणि लाकडाचं काम त्याच्या छपराखाली व्हायचं. मीही असंच करतो. माझी हत्यारं पिशवीत घालून मी त्यांच्या दुकानी जातो, रायफल माझ्या गाळ्यात येत नाही. तुम्हाला हे काम स्वतःच्या हाताने करायची हौस असेल, तरी वडील समोर बसलेले हवेत आणि विक्रेत्याला विचारलेलं हवं. नंबर किंवा शिक्के असलेल्या कुठल्याही जागेला पॉलिश कागद लावायचा नाही, मग ती लोखंडावर असो वा लाकडावर. ओळखखुणा पुसणं हा त्याच कायद्याखाली गुन्हा आहे.

आता ही वस्तू काय आहे ते बघू. कोलकात्याजवळच्या इशापूरच्या कारखान्यात विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून रायफली बनतात. तिथे बनलेली .३०३ ली-एनफिल्ड दोन महायुद्धांत वापरली गेली, पुढे आपल्या पोलिसांच्या खांद्यावर राहिली. २००८ च्या नोव्हेंबरात सीएसटी स्टेशनवर आपल्या पोलिसांच्या हातात तीच होती. .३०३ हा बोअर, म्हणजे नळीच्या आतलं माप, आपल्याकडे सामान्य नागरिकाला मिळत नाही, म्हणून नागरी परवान्यावर .३१५ आली. काडतूस वेगळं, पण घराणं तेच: तोच बोल्ट (काडतूस आत ढकलणारा, मागे-पुढे सरकणारा दांडा), आणि लाकूड दोन तुकड्यांत, मागे दस्ता आणि पुढे फोरएंड. त्यामुळे जुन्या लष्करी रायफलींच्या लाकडाबद्दल जे खरं आहे, ते बहुतांशी तुमच्या रायफलीलाही लागू पडतं.

आणि लष्करी लाकडाबद्दलची पहिली गोष्ट ही, की त्यावर पॉलिश नसतंच. अक्रोडाचं लाकूड जवसाच्या तेलात भिजवायचे, पुसायचे, आणि पुढे शिपाई स्वतःच्या हाताने वरचेवर तेल चोळायचा. वर काचेसारखा थर नाही, जे काही आहे ते लाकडाच्या आत. रशियन रायफलींवर मात्र लाखेचं पॉलिश असायचं, म्हणजे आपली चपडी लाखच. पण इंग्रजी घराण्यात तेल. म्हणून पन्नास-साठ वर्षांची रायफल हातात घेतली की ती ऊबदार लागते, प्लॅस्टिकसारखी गार लागत नाही.

मग तुमची चिकट का झाली? न बघताही मी बऱ्यापैकी खात्रीने सांगू शकतो. दरवर्षी दसऱ्याच्या आदल्या दिवशी घरात कोणीतरी तिला खोबरेल तेल लावलंय. आपल्याकडे प्रत्येक घरात हेच होतं, प्रेमानेच होतं. पण खोबरेल वाळत नाही. जवसाचं तेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं, त्याची पातळ, चिवट कातडी बनते. खोबरेल वर्षानुवर्षं ओलंच राहतं, धूळ धरतं, पावसाळ्यात त्यावर बुरशी येते. वर मशीनचं तेल नळीतून आणि बोल्टमधून झिरपत लाकडात उतरतं. रायफल कपाटात नळी वर करून उभी ठेवतात, त्यामुळे ते तेल बरोबर दस्त्याच्या मानेत येऊन मुरतं. हे खनिज तेल लाकडाचा खरा शत्रू आहे. लाकूड त्याने काळं पडतंच, शिवाय मऊ होतं. मऊ झालेल्या मानेवर प्रत्येक बाराचा धक्का बसतो आणि मग चीर जाते. तुमचा काळा रंग, चिकटपणा आणि चीर हे तीन वेगळे आजार नाहीत, एकाच आजाराची तीन लक्षणं आहेत. म्हणून इलाजही एकच: आधी आतलं चुकीचं तेल बाहेर काढायचं, मग बरोबर तेल आत घालायचं.

आता मशीनबद्दल. तुमचा पॉलिशवाला वाईट माणूस नाही, त्याला टेबल माहीत आहे. टेबलाचा वरचा अर्धा मिलिमीटर गेला तर काही बिघडत नाही. रायफलीच्या लाकडाची गोष्ट निराळी. कारखान्यात लाकूड आणि लोखंड एकत्र बसवून घासलेलं असतं, लाकूड लोखंडाच्या काठापेक्षा केसभर उंच ठेवलेलं असतं. मशीन लागलं की तो काठ खाली जातो. मग दस्त्याच्या मागची लोखंडी पट्टी चहूबाजूंनी बाहेर आलेली दिसते, मानेजवळ लोखंड लाकडाच्या वर येतं. हे दुरुस्त होत नाही. लाकूड परत येत नाही, आणि नवीन दस्ता म्हणजे दुसरी रायफल.

मी तिशीच्या आत असताना एका कुटुंबाची अशीच जुनी रायफल आली होती. दस्त्याच्या उजव्या बाजूला एक गोल शिक्का होता, अर्धवट बुजलेला. घरचे म्हणाले, एकदम नव्यासारखी करा. मी १२० नंबरचा पॉलिश कागद घेतला, मग २४०, मग ४००. तिसऱ्या दिवशी लाकूड सुंदर दिसत होतं आणि शिक्का गेला होता. घेऊन जाताना त्या घरातल्या आजींनी त्या जागी बोट ठेवून विचारलं, इथे एक खूण होती ना? मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही, पण त्यांचं बोट आठवतं. त्यानंतर मी कुठल्याही दस्त्यावर २४० पेक्षा जाड कागद लावलेला नाही, आणि तोही फक्त नवीन ठिगळ मिळवून घ्यायला. तुमच्या आजोबांची आद्याक्षरं तर चाकूने कोरलेली आहेत. ती खोल असतील, पूर्ण जाणार नाहीत, पण मशीनखाली त्यांचे काठ गोल होतील आणि ती अक्षरं वाटणार नाहीत, ओरखडा वाटतील.

पीयूला माझा सरसकट विरोध नाही. स्वयंपाकघराच्या ओट्याजवळच्या फळीला, जेवणाच्या टेबलाला मी स्वतः पीयू देतो. पण तेल मुरलेल्या लाकडावर पीयू धरत नाही. पहिल्या पावसाळ्यात लाकूड फुगतं, थर फुगत नाही, कडेने पांढरे पापुद्रे सुटतात. आणि एकदा थर सुटला की तेवढीच जागा दुरुस्त करता येत नाही, पुन्हा सगळं खरवडावं लागतं. तेलाच्या कामाला ओरखडा पडला, तर दोन थेंब तेल आणि अंगठा पुरतो.

आता प्रत्यक्ष काम.

रायफल रिकामी आहे हे वडिलांनी स्वतः बोल्ट काढून, चेंबरमध्ये (काडतूस बसतं त्या पोकळीत) बोट घालून पाहायचं. दुसऱ्याने सांगितलं म्हणून नाही. लाकूड सोडवायचं काम शस्त्रविक्रेत्याच्या कारागिराकडून करून घ्या. त्यात एक क्रम आहे जो फार जणांना ठाऊक नसतो. ली-एनफिल्ड घराण्यात दस्ता आतून एका लांब, स्क्रूसारख्या बोल्टने आवळलेला असतो. जुन्या लष्करी .३०३ मध्ये त्या बोल्टचं चौकोनी टोक पुढे फोरएंडच्या मागच्या भागात अडकलेलं असतं. फोरएंड न काढता मागून पेचकस लावून तो बोल्ट फिरवला, की फोरएंडचं लाकूड आतून फाटतं. म्हणून आधी फोरएंड, मग दस्ता, हाच क्रम. तुमच्या रायफलीत ती रचना असो वा नसो, क्रम हाच ठेवायचा. स्क्रूच्या खाचेत बरोबर बसणारा पेचकस हवा, नाहीतर खाचा चिघळतात आणि कुरूप दिसतात. सगळं सुटण्याआधी आणि सुटल्यावर, उजेडात, सगळ्या बाजूंनी फोटो काढून ठेवा.

लाकूड हातात आलं, की दस्त्याच्या मागची पट्टी काढून तिच्याखाली बघा. तिथे ऊन, घाम, खोबरेल काही पोचलेलं नसतं. त्या लाकडाचा रंग हाच तुमचा खरा रंग. तिथवर जायचं आहे, त्याच्या पुढे नाही. पुष्कळ जण पांढरं लाकूड निघेपर्यंत थांबत नाहीत, मग त्यावर डाय मारून पुन्हा तपकिरी करतात. म्हणजे आधी वय काढून टाकायचं आणि मग बाटलीतलं वय लावायचं.

वर काय लावलंय ते तपासायला एक साधी चाचणी आहे. न दिसणाऱ्या जागी कापसाच्या बोळ्याने आधी स्पिरिट लावा. चिकट होऊन रंग बोळ्याला आला, तर मध्ये कोणीतरी लाखेचं फ्रेंच पॉलिश मारलंय. स्पिरिटने काही झालं नाही पण एनसी थिनरने विरघळलं, तर लॅकर आहे. दोन्हींनी काही हललं नाही आणि बोळा नुसता तपकिरी-काळा झाला, तर तेल आणि मळ. तुमच्या वर्णनावरून मला तिसरं वाटतंय. तसं असेल तर काम सोपं आहे.

लाकूड धुण्यासाठी कॉस्टिक वापरू नका. फर्निचरवाले जुना रंग काढायला ते वापरतात, पण अक्रोडाचे धागे त्याने सुटतात, लाकूड केसाळ आणि राखाडी होतं. बादलीत बुडवणं तर नाहीच. मिनरल टर्पेंटाईनमध्ये ०००० नंबरची (अगदी बारीक) स्टीलवूल भिजवून धाग्याच्या दिशेने हलक्या हाताने फिरवायची, सुती कापडाने लगेच पुसायचं, कापड काळं झालं की नवीन घ्यायचं. पहिल्या दिवशी पाच-सहा कापडं काळी होतील. आद्याक्षरांत आणि कोपऱ्यांत जुना टूथब्रश. शिक्का असेल तिथे स्टीलवूल नाही, फक्त कापड.

हा झाला वरचा मळ. आत मुरलेलं तेल काढायला आपल्याकडे फार चांगली वस्तू आहे, मुलतानी माती. वाण्याकडे मिळते, स्वस्त आहे. माती चाळून घ्या, टर्पेंटाईन घालून थालीपिठाच्या पिठाइतकी घट्ट कालवा आणि मानेवर, जिथे काळं जास्त आहे तिथे, बोटभर जाडीचा लेप द्या. सुकत जाईल तसं माती आतलं तेल ओढून घेते. दुसऱ्या दिवशी लेप झटकला की माती तपकिरी झालेली दिसते. पुन्हा नवा लेप. माझ्या अनुभवात तीन ते पाच लेप लागतात, फार मुरलेलं असेल तर आठही. ऑक्टोबरच्या उन्हाची इथे मोठी मदत होते. लाकूड अर्धा तास उन्हात ठेवलं की तेल घामासारखं वर येतं, ते पुसायचं आणि मग लेप द्यायचा. पण अर्धा तासच, आणि तुम्ही शेजारी उभे. दुपारभर गच्चीवर ठेवून विसरलात तर चीर वाढेल. हे सगळं उघड्या हवेत करा. टर्पेंटाईनचा वास बंद खोलीत डोकं धरतो, आणि जवळपास देवघरातलं निरांजनसुद्धा नको.

स्क्रूभोवती, लोखंड टेकलं होतं तिथे निळे-काळे डाग दिसतील. ते तेलाचे नाहीत. अक्रोडातलं टॅनिन आणि लोखंडाचा गंज यांचे आहेत, मुलतानीने जाणार नाहीत. केमिस्टकडचं ऑक्झॅलिक ॲसिड कोमट पाण्यात विरघळवून ब्रशने फक्त त्या डागावर लावायचं, वीस मिनिटांनी पाण्याने पुसून काढायचं. विषारी आहे, हातमोजे घाला, वाळल्यावर त्याची भुकटी उडू देऊ नका. आणि त्या आधी स्टीलवूलचे कण लाकडावरून पूर्ण झटकलेले हवेत, नाहीतर प्रत्येक कणाचा एक काळा ठिपका उठेल. खरं सांगायचं तर एवढे डाग मी बहुतेक वेळा तसेच ठेवतो. स्क्रू परत बसला की ते झाकले जातात.

खड्डे वर काढायचं काम मला सगळ्यात आवडतं. दबलेलं लाकूड आणि तुटलेलं लाकूड यात फरक आहे. कपाटाच्या कडेवर आपटून पडलेला खड्डा म्हणजे धागे दबलेत, तुटलेले नाहीत. त्यावर ओल्या सुती रुमालाची घडी ठेवायची, गरम इस्त्रीचं टोक दोन-तीन सेकंद टेकवायचं, उचलायचं, बघायचं. वाफ आत जाते, धागे फुगतात, खड्डा डोळ्यांसमोर वर येतो. एका वेळी सगळा येत नाही, तीन-चार वेळा करावं लागतं. ज्या जागी चाकूने किंवा खिळ्याने धागा कापला गेलाय, तिथे वाफेचा उपयोग नाही. ती खूण राहू द्या. शिक्क्यांवर आणि कोरीव अक्षरांवर वाफ कधीच देऊ नका, कारण शिक्का म्हणजे शेवटी दबलेलंच लाकूड, वाफेने तो बुजतो, आणि कोरलेल्या अक्षरांचे काठ फुगतात. तुमच्या आजोबांच्या अक्षरांपासून इस्त्री चार बोटं लांब.

आता चीर. ही मला न बघता पूर्ण सांगता येणार नाही, पण विचार कसा करायचा ते सांगतो. लाकूड धुऊन झाल्यावर दोन्ही हातांनी अगदी हलका पीळ द्या. चीर उघडते का बघा. उघडत नसेल, नुसती रेघ असेल, तर तेल गेल्यावर ती जवळजवळ दिसेनाशी होते, तिला काही करू नका. उघडत असेल तर चिकटवावी लागेल, आणि इथे फेव्हिकॉल चालणार नाही. तेल लागलेल्या लाकडात तो धरत नाही आणि सततच्या ताणाने सरकतो. चिरेत ॲसिटोन सोडून दोन-तीनदा धुवायचं, पूर्ण सुकू द्यायचं, मग सावकाश सुकणारं अराल्डाइट थोडं कोमट करून पातळ झालं की चिरेत उतरवायचं. पाच मिनिटांत सुकणारं नाही, ते ठिसूळ असतं. जादा बाहेर आलेलं लगेच पुसायचं. आवळायला लोखंडी शिकंजा नको, त्याचे व्रण उठतात. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून मानेभोवती ताणून गुंडाळा. गोल आकारावर याहून चांगला दाब दुसरा कशाचा येत नाही. चोवीस तास हात लावायचा नाही. चीर लांब असेल तर मी आतल्या बाजूने, बाहेरून दिसणार नाही असा, बांबूचा जुना वाळलेला तुकडा तासून पिन म्हणून ठोकतो. बांबू धाग्याच्या दिशेने अतिशय मजबूत असतो.

फोरएंडच्या मागच्या टोकालाही आतून बघून घ्या. बाराचा धक्का जिथे लाकूड झेलतं ती जागा तेलाने मऊ झाली असेल, तर ते पॉलिशवाल्याचं काम नाही, गनस्मिथचं, म्हणजे बंदुका दुरुस्त करणाऱ्याचं आहे. ती जागा नीट टेकत नसेल तर रायफल उडवायचीच नाही, वरून कितीही देखणी दिसली तरी.

लाकूड स्वच्छ झाल्यावर थोडं फिकं, कोरडं, उदास दिसेल. घाबरू नका. डाय विकत आणायला धावू नका. लंडनचे जुने बंदूकवाले जवसाच्या तेलात अल्कानेटचं मूळ भिजवून लाल तेल बनवायचे. आपल्याकडे त्या जागी रतनजोत आहे, रोगनजोशला रंग येतो तो तिचाच. जांभळी नाक्यावर मसाल्याच्या दुकानात मागितली की पुडी मिळते. मूठभर रतनजोत काचेच्या बरणीत जवसाच्या तेलात बुडवून आठवडाभर उन्हात ठेवायची आणि गाळून घ्यायची. गडद माणकासारखा रंग उतरतो. पहिले दोन हात या तेलाचे दिले, की अक्रोडाचा तपकिरी रंग आतून तापल्यासारखा दिसतो. हा रंग तेलात विरघळतो, पाण्यात नाही, त्यामुळे घामाने हाताला लागत नाही.

आता मुख्य तेल. जवस आपल्या विदर्भात पिकतं, चटणीत खाल्लं जातं. घाण्याचं खायचं तेल म्हणजे कच्चं जवस. ते लाकडाला चांगलं, पण आपल्या हवेत एकेक हात वाळायला बरेच दिवस घेतं. रंगाच्या दुकानात ‘डबल बॉइल्ड लिनसीड’ मागा, सुतार त्यालाच बेलतेल म्हणतात. त्यात सुकवणारे क्षार असतात, कोरड्या दिवसांत एक-दोन दिवसांत हात वाळतो.

पहिला हात तेल आणि टर्पेंटाईन निम्मं-निम्मं. भरपूर लावायचं, अर्ध्या तासाने सगळं पुसून काढायचं. जे आत गेलं ते आपलं, जे वर राहिलं ते चिकटणार. दुसऱ्या हातापासून टर्पेंटाईन नाही. तळहातावर सहा-सात थेंब घ्यायचे आणि दस्ता चोळायचा, लाकूड तळव्याखाली गरम लागेपर्यंत. हातानेच, ब्रशने नाही. ब्रश थर देतो, हात तेल आत ढकलतो. दहा मिनिटं चोळून झाल्यावर कोरड्या कापडाने पुसा. दुसऱ्या दिवशी बोट लावा. जरासं ओलसर वाटलं तर आणखी एक दिवस थांबा. असे सहा ते आठ हात. मागच्या पट्टीखाली आणि फोरएंडच्या पुढच्या टोकाला लाकडाच्या नळ्यांची तोंडं उघडी असतात. पाणी तिथूनच आत शिरतं, म्हणून तिथे दोन हात जास्त द्या. नळी बसते त्या आतल्या खाचेत मात्र एकच पातळ हात, तिथे तेल साचू देऊ नका.

हे पावसाळ्यात का करायचं नाही, ते आता लक्षात येईल. ठाण्यात जून ते सप्टेंबर हवाच इतकी ओली असते की तेलाचा हात चार-चार दिवस वाळत नाही. जवसाच्या ओल्या तेलावर बुरशी आवडीने येते, करड्या ठिपक्यांची. शिवाय लाकूडही फुगलेलं असतं. फुगलेल्या लाकडात तेल नीट शिरत नाही, आणि त्या मापाला बसवलेला फोरएंड डिसेंबरात सैल होतो. ज्यांनी पावसाळ्यात आणि हिवाळ्यात एकाच रायफलीने नेम धरलाय, त्यांना लाकडाचा दाब नळीवर बदलला की निशाणा कसा सरकतो ते माहीत असेल. परतीचा पाऊस गेला, साधारण ऑक्टोबरचा मध्य उलटला, की सुरुवात करा. रोज थोडं काम केलंत तर डिसेंबर अखेर रायफल जोडून होईल.

तेलाच्या चिंध्यांबद्दल आता जे सांगतोय, ते या उत्तरातलं सगळ्यात महत्त्वाचं आहे. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं. पसरलेल्या कापडातून ती उडून जाते. चुरगळून टाकलेल्या बोळ्यात ती आतच साठते आणि काही तासांत कापड आपोआप पेटतं, काडी न लावता. वागळे इस्टेटमधल्या माझ्या जुन्या गाळ्यात एका एप्रिलमध्ये मी संध्याकाळी चिंध्या बाकाखालच्या डब्यात टाकून घरी गेलो. रात्री वॉचमनला धूर दिसला म्हणून गाळा वाचला. बाक जळाला, भिंत काळी झाली. आत टर्पेंटाईनचे दोन कॅन होते, त्यांच्यापर्यंत आग पोचली नाही हे नशीब. तेव्हापासून प्रत्येक चिंधी आधी पाण्यात बुडते, मग बाहेर दोरीवर एकेरी वाळते, कडक झाली की कचऱ्यात जाते. तुमच्या घरी लहान मुलं असतील, बाल्कनीत कचऱ्याची पिशवी असेल. कृपा करून हे एवढं पाळा.

शेवटचा हात वाळल्यावर दोन आठवडे थांबून मेण द्यायचं. मधमाशीचं मेण, बेलतेल आणि टर्पेंटाईन समभाग. मेण गरम पाण्यात ठेवलेल्या डब्यात वितळवायचं, गॅस बंद करून दूर ठेवल्यावरच टर्पेंटाईन घालायचं. थंड झालं की लोण्यासारखं होतं. बोटाने लावा, तासाभराने कापडाने चमकवा. वर्षातून एकदा, पावसाळ्याच्या आधी, एवढंच पुरे.

याचा आपल्याकडे एक खास उपयोग आहे. निवडणुकीची आचारसंहिता लागली की शस्त्र जमा करायची नोटीस येऊ शकते, आणि मग रायफल दोन-दोन महिने पोलीस ठाण्यात किंवा विक्रेत्याकडे पडून राहते. बऱ्याच रायफलींचं लाकूड मी तिथून परत आल्यावर खराब झालेलं पाहिलंय. कारण एकच: मालक ती प्लॅस्टिकमध्ये किंवा रेक्झिनच्या खोळीत घट्ट बांधून देतात. आत दमटपणा कोंडतो. जमा करायच्या आधी मेणाचा हात द्या, जुन्या धुतलेल्या सुती धोतरात गुंडाळा, फोटो काढा आणि पावतीवर लाकडाची अवस्था लिहून घ्या. घरीसुद्धा कपाटात ठेवताना नळी खाली, दस्ता वर, खाली मऊ कापड. मग मशीनचं तेल मानेत उतरणार नाही, आणि आज जे काळं निघतंय ते पुन्हा होणार नाही.

राहिला दसरा. या दसऱ्याला रायफल आहे तशीच पूजेला ठेवा. फक्त खोबरेल नको. लाकडावरून कोरडं कापड फिरवा, बस. हळद-कुंकू लाकडावर किंवा लोखंडावर थेट वाहू नका. पाण्याचं बोट लागलं तिथे सकाळपर्यंत गंज धरतो, आणि पुढच्या वर्षी ताज्या तेलावर हळद पडली तर तो पिवळा डाग निघत नाही. पाटावर स्वच्छ वस्त्र घालून रायफल त्यावर आडवी ठेवा, गंध-अक्षता वस्त्रावर तिच्या शेजारी वाहा, झेंडूची माळ पाटाच्या कडेने. आजोबांची अक्षरं वरच्या बाजूला येतील अशी ठेवा, म्हणजे घरातल्या लहानांना ती वाचता येतील.